पसंती मावशीचा हात

"मावशी, तो ओव्हन मला चावतो."

"चावतो म्हणजे?"

"चावतो म्हणजे चावतो. भांडं काढायला गेले, पत्र्याला बोट लागलं, तर लाल मुंग्यांनी एकदम डसावं तसं झालं. सासूबाईंनाही झालं. त्या म्हणतात, घरात सून चावत होती ती कमी पडली का."

"हात ओले असतील तुझे."

"कोरडे होते. पुसून परत लावला, परत चावला."

"नवी वस्तू आहे, राहते थोडी खोड."

"मावशी, तुम्ही येऊन बघा ना एकदा. तुमच्याच पसंतीचा आहे तो."

शिंपीण दुकानाच्या पायरीवर उभी राहून बोलत होती. कामातनं तशीच उठून आलेली, गळ्यात मापाची टेप लोंबत होती. आत बाकावर मावशीपुढं मिक्सरची मोटर पोट फाडल्यासारखी उघडी पडली होती. तुमच्या पसंतीचा, हे शिंपिणीचं बोलणं जिथं लागायला पाहिजे तिथं बरोबर लागलं. मावशीनं डाग द्यायची तापलेली सळई स्टँडवर टेकवली अन् चपला शोधायला लागली.

मावशी मोटरींच्या तारेच्या गुंडाळण्या भरायची. मिक्सर, पंखे, पाण्याचे पंप, जळलेलं काहीही आणा. पुढं काउंटरला तिचा नवरा बसायचा. गिऱ्हाइकाशी बोलायचं, वस्तू ठेवून घ्यायची अन् उशीर झाला की नवी थाप मारायची, हे त्याचं खातं. मागच्या अंधाऱ्या खोलीत बाकावर मावशी. केसाएवढी बारीक तांब्याची तार बोटांवरनं सोडता सोडता तिची उभी हयात गेली. पण तिला गाव ओळखायचं ते या कामामुळं नाही. लोक मुलगी बघायला जाताना जसं घरातलं शहाणं माणूस सोबत नेतात, तसं नवी वस्तू घ्यायला निघाले की हिला नेत. म्हणून ती पसंती मावशी. त्याचे पैसे ती घेत नसे. वस्तू बिघडली की माझ्याकडंच आणा, एवढंच तिचं म्हणणं.

पसंतीची तिची रीतही उलटी होती. दुकानात जायच्या आधी ती तुमच्या घरी यायची अन् भिंत बघायची. म्हणायची, वस्तू मागनं बघू, आधी भिंतीतली भोकं बघू. ओव्हनला जाड पिनांचं, तीन भोकांचं सॉकेट लागतं. एकाच बोर्डावर ओव्हन, किटली अन् इस्त्री जोडलीत तर वायर आतल्या आत शिजते, अन् तुम्हाला वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. मग ओट्यावर वीत टाकून मोजायची. ओव्हनचं दार कुठल्या अंगाला उघडतं? भिंतीकडं उघडत असेल तर रोज कोपर भाजून घ्याल. मिक्सर घेताना सोबत भांडी किती येतात ते मोजू नका, एक भांडं फुटलं तर तेवढंच मिळतं का ते विचारा. रिकामा चालवून बघा, ओट्यावर नाचायला लागला तर तिथंच सोडून या. कॉम्प्युटर घ्यायचा तर त्याचा रंग अन् लाइटा बघू नका. आतली मेमरी पुढं वाढवता येईल का, पंख्याची घाण काढता येईल का, बंद पडला तर उघडणारा माणूस जवळपास आहे का, हे विचारा. अन् घरी काम काय करणार ते आधी ठरवा. बिलं टाइप करायला लढाईचे गेम खेळायचं मशीन काय करायचंय? कॉम्प्युटरमधलं तिला निम्मं कळायचं, निम्मं जावयाकडून ऐकलेलं. पण ती ते अशा आवाजात सांगायची की दुकानदारही मान डोलवायचे.

अन् सगळ्यात शेवटी यायचा तो तिचा हात. वस्तू घरी येऊन बसली, चालू झाली की मावशी अनवाणी फरशीवर उभी राहायची अन् उजव्या हाताच्या बोटांची मागची बाजू पत्र्यावरनं हलकेच फिरवायची. हे तिला सासऱ्यानं शिकवलेलं. तळहात कधी लावायचा नाही. करंट असला तर मूठ आवळते अन् सुटत नाही. मागची बाजू लावली तर हात आपोआप मागं येतो. पत्र्यात करंट उतरला असेल, अगदी सुईच्या टोकाएवढा, तरी तारेवर घासून तयार झालेल्या तिच्या बोटांना तो कळायचा. जिथं बाकीच्यांना काहीच लागत नसे तिथं ती म्हणायची, खरखरतंय, अर्थिंग बघून घ्या. मग वायरमन यायचा, टेस्टर लावायचा, अन् दिवा लागायचा. हे इतक्या वेळा झालं की लोकांनी वायरमनला बोलावणंच सोडलं. मावशीनं हात फिरवला, वापरा म्हणाली, की बाया ओव्हनमध्ये भांडं सरकवायच्या.

शिंपिणीच्या स्वयंपाकघरात मावशीनं चपला बाहेर काढल्या. ओव्हन ओट्याच्या कोपऱ्यात बसला होता, चकचकीत, स्टीलचा. शिंपिणीची सासू दारात स्टूल टाकून बसली होती, तमाशा बघायला बसावी तशी.

"चालू कर," मावशी म्हणाली.

शिंपिणीनं बटण दाबलं. मावशीनं बोटं फिरवली. वरनं, बाजूनं, दाराच्या कडेला. पत्रा गार होता का कोमट, तेसुद्धा नीट समजेना. पण करंट नव्हता.

"काही नाही गं."

"असं कसं? थांबा." शिंपिणीनं बोट लावलं अन् झटक्यानं ओढलं. "हे बघा. आत्ता लागला."

"मला तर काही नाही."

सासू म्हणाली, "तुला नाही चावणार, मावशी. तू त्याच्या माहेरची."

मावशी हसली. परत हात लावला, या वेळी दाबून, बराच वेळ. काही नाही. शिंपीण तिच्याकडं बघत होती. मग शिंपिणीनं मावशीचा हात तिथंच असताना आपलं बोट त्याच्या शेजारी टेकवलं, अन् ओरडून मागं झाली. एकाच पत्र्यावर, एका वितीच्या आत, एकीला डसत होतं अन् दुसरीचा हात लाकडासारखा तिथंच होता.

"वायरमनला बोलाव," मावशी म्हणाली. आपला आवाज बारीक झालाय हे तिचं तिलाच ऐकू आलं.

वायरमन पलीकडच्याच गल्लीत काम करत होता. माणूस तोंडाचा फटकळ, अन् मावशीच्या हातामुळं त्याची बरीच कामं बुडाली होती, त्यामुळं यायला त्यानं जराही वेळ लावला नाही. खिशातनं टेस्टर काढला, ओव्हनच्या पत्र्याला टेकवला. टेस्टरच्या पोटातला दिवा ठसठशीत लागला.

"आता काय म्हणता हो?" तो म्हणाला. "मावशी, चपला घालून बघितलंत का?"

मावशीनं खाली बघितलं. वायरमननंही बघितलं. पाय अनवाणी होते, गार फरशीवर.

त्यानं सॉकेट उघडलं. तिसऱ्या, अर्थिंगच्या भोकामागं वायर होती, पण ती कुठंच जोडलेली नव्हती. रंगकाम करणाऱ्यानं भिंत उकरताना तोडली असावी. वायरमन ते सांगत राहिला. मावशीच्या कानावर शब्द पडत होते, आत काही जात नव्हतं. ती आपल्या बोटांकडं बघत होती. तर्जनीच्या मागं एक काळपट डाग होता. हा कधी पडला? सळई लागली असणार. सळई लागते तेव्हा माणूस ओरडतो. ती कधी ओरडली होती?

गेल्या हिवाळ्यात दवाखान्यात तिला साखर आहे म्हणून सांगितलं होतं. पायांची काळजी घ्या, मुंग्या येतात का, बधिर होतात का, बघत जा, असं डॉक्टरीण म्हणाली होती. मावशीनं घरी येऊन कोणाला सांगितलं नाही अन् चहात साखर होती तेवढीच ठेवली. मुंग्या काही दिवस आल्या होत्या. मग थांबल्या. तिला वाटलं, बरं झालं.

"मावशी, बसा जरा," शिंपीण म्हणाली. "तोंड कसं पडलंय तुमचं."

पण मावशीच्या डोळ्यांपुढं आता ओव्हन नव्हता. तिला दिसत होतं लेकीच्या घरातलं टेबल. टेबलाखाली सीपीयूचा पत्र्याचा डबा. अन् त्याच्याशेजारी फरशीवर रांगणारा नातू.

लेक भाड्याच्या खोलीत राहायची. जुनी इमारत, भिंतीत सगळी दोनच भोकांची सॉकेटं. लेक घरनं बिलं टाइप करायचं काम करायची, त्यासाठी जावयानं ओळखीतनं वापरलेला कॉम्प्युटर आणला अन् तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा अडॅप्टर लावून तो भिंतीत खुपसला. दुसऱ्या कोणाचं घर असतं तर मावशीनं तिथंच हात झटकले असते, आधी भिंत करा म्हणाली असती. पण भिंत घरमालकाची, तो काही करून देईना, अन् लेकीला काम सुरू करायची घाई. म्हणून मावशीनं हातावर सोडलं. चांगला बराच वेळ हात लावला त्या डब्याला. खालनं, वरनं, मागनं. काही लागलं नाही. ती म्हणाली होती, बिनधास्त वापर.

ते हिवाळ्याच्या आधी का नंतर? तिला आठवेना. नंतरच. नातू तेव्हा बसायला लागला होता. आता तो सगळ्या घरभर रांगतो, जे दिसेल ते धरून उभं राहायला बघतो. अन् ही वेळ लेकीची फरशी पुसायची.

तिनं फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. परत वाजत राहिला.

"टेस्टर दे तुझा," ती वायरमनला म्हणाली.

"तो मला लागतो."

"दे म्हणते ना."

त्यानं तिच्या चेहऱ्याकडं बघितलं अन् दिला.

लेकीचं घर फार लांब नव्हतं, पण मावशीला त्या दिवशी रस्ता सरकेना. ती पळत नव्हती. या वयाची बाई पळायला लागली की लोक थांबवून विचारतात. ती फक्त चालत होती, जीव मुठीत धरून, दर दहा पावलांवर फोन कानाला लावून. मनात नको नको ते येत होतं. ओली फरशी. बारीक ओले हात. पोरं गप्प कशी होतात ते. कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्यानं मागनं हाक मारली, "बाई, अहो बाई, चप्पल राहिली मागं." तिनं खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. किती अंतर ती तशीच चालली होती, खडी तुडवत, तिला ठाऊक नव्हतं. चप्पल आणायला ती मागं फिरली नाही. उजवीही काढून हातात घेतली अन् तशीच पुढं गेली.

जिना चढून तिनं दारावर थाप मारली. उत्तर नाही. परत मारली. शेजारच्या बाईनं दार किलकिलं केलं.

"आत आहेत का?" मावशीनं विचारलं.

"असतील की. बाळ मघाशी फार रडत होतं बाई."

"मग?"

"मग गप्प झालं."

तिनं दोन्ही हातांनी दार बडवायला सुरुवात केली, इतकी की शेजारीण मागं सरकली. आतनं कडी वाजली. लेक उभी होती, कानांवर मोठे हेडफोन, एका कानावरचा उचलून धरलेला.

"आई? काय झालं? दार मोडतेस का?"

मावशी तिला बाजूला सारून आत शिरली. फरशी ओली होती, पुसल्याची लकाकी अजून होती. नातू टेबलाखाली होता. पाठमोरा, गप्प, बसलेला. पुढं सीपीयूचा डबा अन् त्याचे दोन्ही हात पुढं, डब्याआड, दिसत नव्हते. तो हालत नव्हता.

त्याला उचलायला तिचं सगळं अंग पुढं झालं, अन् सासऱ्यानं आयुष्यभर कानात ओतलेलं तेवढ्यात आडवं आलं. चिकटलेल्या माणसाला धरायचं नाही. आधी वीज. ती गर्रकन फिरली, दाराशेजारचा मेन स्विच एका फटक्यात खाली ओढला. पंखा रेंगाळत थांबला. स्क्रीन काळा झाला.

"आई! माझी सगळी बिलं गेली. सेव्ह केली नव्हती," लेक ओरडली.

नातवानं मान वळवली. तोंड भरलेलं होतं. दोन्ही हातांत त्यानं पुठ्ठ्याचा एक तुकडा धरला होता अन् तो चावून चावून त्याचा लगदा केला होता. आजीला बघून हसला. मावशी तिथंच ओल्या फरशीवर बसली अन् तिनं त्याला ओढून मांडीवर घेतलं.

"अगं, झालंय काय ते सांगशील का?"

मावशीनं पोराला तिच्याकडं दिलं. मेन स्विच वर केला. टेस्टर सीपीयूच्या पत्र्याला लावला. दिवा लागला. शिंपिणीच्या ओव्हनपेक्षा फिका, पण लागला.

लेक म्हणाली, "हो, तो लागतो थोडा."

मावशीनं मान वर केली. "तुला ठाऊक होतं?"

"पाय फरशीवर असला अन् गुडघा डब्याला टेकला की झिणझिण्या येतात. म्हणून मी रबरी चप्पल घालते. अन् बाळ हात लावतंय म्हणून पुठ्ठा बांधला होता, तोच खातंय आता."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू बघून गेली होतीस ना. चांगला एवढा वेळ हात लावून बसली होतीस. मला वाटलं, आईला लागत नाही म्हणजे नाहीच. मलाच होतंय काहीतरी. बाळंतपणानंतर अंग असंच असतं म्हणतात."

वायरमनचा टोमणा, शिंपिणीचा ओव्हन, ते सगळं ठीक. पण स्वतःच्या अंगाला झिणझिण्या येत असताना पोरीनं अंगावर विश्वास ठेवला नाही, आईच्या हातावर ठेवला. अन् तो हात मेलेला होता.

"टाचणी आहे का?" तिनं विचारलं.

"टाचणी कशाला?"

"आण. मी डोळे मिटते. तू टोच. कुठल्या बोटाला टोचलं ते मी सांगते."

लेकीनं नाइलाजानं टोचलं. मावशी वाट बघत राहिली. "टोच की," ती म्हणाली.

मावशीनं डोळे उघडले. तर्जनीवर रक्ताचा थेंब आला होता, अन् लेकीच्या डोळ्यांत पाणी.

"कधीपासून, आई?"

"तेच तर ठाऊक नाही. ठाऊक असतं तर भ्यायला काही नव्हतं. त्याच्या आधीची घरं चांगली, नंतरची बघून घ्यायची. आता कुठली घरं आधीची अन् कुठली नंतरची?"

संध्याकाळच्या आत वायरमननं येऊन खाली मीटरपासनं अर्थिंगची वायर ओढली, अन् घरमालक जिन्यात उभा राहून कुरकुरत राहिला. वायरमन काम करता करता बोलत होता. "करंट लहान आहे तोवर झिणझिण्या. आत कुठं वायर सोलली, फरशी ओली असली, की झिणझिण्या आल्या असं सांगायला माणूस राहत नाही. अन् मावशी, टेस्टर मिळतो बाजारात. हाताची काय हौस होती तुम्हाला?" एरवी मावशीनं त्याची सालटी काढली असती. त्या दिवशी तिनं फक्त त्याची शिडी धरून ठेवली.

घरी नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं. साखरेचंसुद्धा. तो बराच वेळ काउंटरवरचा धूळ नसलेला भाग पुसत राहिला.

"साखरेचं मला आज सांगतेस," तो म्हणाला.

"हो."

"बरं. औषध सुरू करायचं. पण बाकीचं गावभर सांगू नकोस. तुझ्या हातावर दुकान चालतंय आपलं. उद्या लोक म्हणतील, हिला स्वतःचं बोट कळत नाही, हिला आपली मोटर कुठं द्यायची."

"म्हणतील."

"मग?"

"मग म्हणू देत. एखाद्या घरात पोर चिकटलं तर ते काय म्हणतील?"

तिलाही त्याच्यासारखीच भीती होती. दुकान बंद पडलं तर दोघांनी या वयात काय करायचं, हा प्रश्न तिच्या छातीवर दगडासारखा होता. पण त्याच्यावर दुसरा, मोठा दगड बसला होता, अन् तो हलल्याशिवाय खालच्याला हात घालता येत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासनं ती निघाली. हातात नवा टेस्टर, सोबत वायरमन, कारण तो म्हणाला, तुम्ही एकट्या गेलात तर दिवा दिसतोय की नाही याचीही खात्री कोण देणार. कुठं काही लिहून ठेवलेलं नव्हतं. ती लोकांना वस्तूंवरनं ओळखायची. उंच फ्रिजवाली. धुण्याच्या मशीनवाले भाऊ-भाऊ. दोन ओव्हन घेऊन एक परत केलेली ती मास्तरीण. एका घरातनं दुसरं आठवे, दुसऱ्यातनं तिसरं. दारात उभी राहून ती सरळ सांगायची, माझा हात बधिर झालाय, मी बरं म्हणाले होते ते धरू नका, बघू द्या. काही जण हसले. धुण्याच्या मशीनवाल्यातला धाकटा म्हणाला, "म्हणजे मावशी, तुमचीच गुंडाळणी जळली की." तीही हसली, अन् हसता हसता तिचं लक्ष वायरमनच्या हातातल्या टेस्टरवर होतं, दिवा लागतोय का नाही. मास्तरीण मात्र तोडून बोलली. "आम्ही वायरमनला बोलावणार होतो. तुम्ही नको म्हणालात." मावशी म्हणाली, "हो, म्हणाले."

बऱ्याच घरांत काही निघालं नाही. काही ठिकाणी निघालं. फ्रिजवालीकडं दिवा लागला तेव्हा ती म्हणाली, "अगं बाई, मला वाटायचं थंडीनं हात झिणझिणतो." दिवा लागलेल्या प्रत्येक घरात कोणीतरी एक असा निघायचा, ज्याला लागत होतं अन् जो बोलला नव्हता.

सगळी घरं झाली, एक सोडून. एक नवराबायको होते, नवं लग्न झालेलं, दोघं मिळून मोठ्या हौसेनं स्टीलची शेगडी-ओव्हन घ्यायला आलेले. ती बाई मावशीला जिन्यापर्यंत सोडायला आली होती अन् तेव्हा तिला दिवस गेलेले होते. मावशी त्या घरी गेली तर दाराला दुसऱ्याच माणसांच्या चपला. ते सोडून गेले, सामान घेऊन गेले, कुठं ते कोणाला ठाऊक नव्हतं. तिथल्या घरमालकाकडं असलेला त्यांचा नंबर लागत नव्हता. मावशी तो रोज लावून बघते. अजून लागलेला नाही. बाकी घरांची भीती हळूहळू उतरली, पण या घराची उतरत नाही. तिला वाटतं, तिथल्या सॉकेटला तिसरं भोक होतं. मग वाटतं, नव्हतं.

दुकान बंद पडलं नाही. थोडं थंडावलं. पसंतीला बोलावणारे निम्म्यानं घटले, अन् जे बोलावतात ते म्हणतात, मावशी, तुम्ही सांगा, हात आम्ही लावतो. ती त्यांना बजावून सांगते, तोही लावू नका. माणसाचं अंग खोटं बोलतं, नाहीतर आपण त्याला गप्प करतो. टेस्टर घ्या. अन् अंगाला काही लागलं तर कोण काय म्हणालं होतं ते विसरा, प्लग काढा.

परवा सकाळी खानावळवाली बाई दुकानात आली. मोठा मिक्सर जळाला होता, जेवणाची वेळ डोक्यावर, अन् नवा घ्यावा की हाच भरून घ्यावा यावर तिचं अन् तिच्या भावाचं भांडण दुकानातच सुरू झालं.

"नवाच घेऊ," भाऊ म्हणाला. "हा म्हातारा झालाय."

"म्हातारं झालं की टाकायचं, हे तुझं आईच्या वेळेला पण होतं," बाई म्हणाली.

मावशीनं मिक्सर उलटा करून हुंगला. "गुंडाळणी गेलीय. दांडा फिरतो ते बुश चांगले आहेत. नवा घेतलात तर हलका मिळेल अन् तुमच्या कामाला वर्षात रडेल. हा भरून देते. पण तुमच्याकडं त्याचा प्लग कुठं लावता ते आधी सांगा. किती भोकं आहेत भिंतीत?"

बाईनं भावाकडं बघितलं. भावानं खांदे उडवले.

"मग बघून या," मावशी म्हणाली. "तोवर मी खोलते."

दोघं भांडत भांडत गेले. तिनं नवऱ्याला चष्मा मागितला, स्क्रू काढून वाटीत टाकले, जळकी तार कापली अन् ओढून काढायला लागली. पूर्वी ती हे डोळे मिटूनसुद्धा करायची. आता तार बोटांवरनं जातेय की नाही ते तिला बघावं लागतं. तिनं दिवा खाली ओढला, मान वाकवली अन् नव्या तारेचं रीळ सोडलं.